जिम्नीपासून जिप्सी: एका १:२४ मॉडेलचं प्रकरण

हवी असते त्या गाडीचं किट मिळत नाही आणि मिळतं त्या किटमधली गाडी आपल्याला नको असते. आपल्याकडे मोटारींची मॉडेलं करणाऱ्या प्रत्येकाची गाडी कधी ना कधी इथे अडते. या प्रकरणात हवी होती लष्करातली मारुती जिप्सी, कॅनव्हासच्या टपाची. हातात होतं जपानच्या हासेगावा कंपनीचं सुझुकी जिम्नीचं किट: १:२४ मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याचं, जेए११ मॉडेलचं, पत्र्याच्या टपाचं.

किट घेऊन आलेला मुलगा साताऱ्याजवळच्या एका गावचा, पुण्यात नोकरीला. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या आसपासची ही गावं. तिथे घरटी एक तरी माणूस फौजेत असतो किंवा होऊन गेलेला असतो. याचे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, नोकरीतली बरीच वर्षं चालक होते. घरात त्यांना सगळे तात्याच म्हणतात, म्हणून मीही इथे तात्याच म्हणतो. त्यांची एकसष्टी गणपतीनंतर होती आणि त्यांनी सर्वांत जास्त चालवलेली गाडी मुलाला त्यांच्या हातात द्यायची होती. मुलानं आधी दोन-तीन किटं जोडली होती, पण पेटीतून निघालं तसं. प्लॅस्टिक कापायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

त्यानं सोबत एक यादी आणली होती. डॅशबोर्डवरची घड्याळं, मागच्या सीटची बकलं, जेरीकॅन, वायरलेसची एरियल, नंबर प्लेट. यादी प्रेमानं केलेली होती, पण तिच्यात गाडीची लांबी कुठेच नव्हती. माझा आग्रह एवढाच होता की आधी गाडी दुरून जिप्सी दिसली पाहिजे, बकलं नंतर. तात्या मॉडेल हातात घेतील तेव्हा डॅशबोर्ड बघायच्या आधी त्यांची नजर गाडीच्या कुशीवरून फिरणार. वर्षानुवर्षं एकच गाडी धुतलेल्या माणसाला तिची ठेवण मापं न घेताही पाठ असते.

आता गाडीचं पाहू. मारुतीनं जिप्सी १९८५च्या डिसेंबरात आणली. सुझुकीच्या छोट्या जीपची ती लांब आवृत्ती, ९७० सीसीच्या इंजिनाची. १९९३ साली चाकं बाहेर सरकवून चाकांवरच्या कमानींना ठसठशीत फुगवटे दिले, ती वाइडट्रॅक. १९९६ साली १३०० सीसीची जिप्सी किंग आली. तात्यांच्या हातातली गाडी रुंद चाकांची होती. जेए११ जिम्नी त्याच घराण्यातली, म्हणजे शिडीसारखी चासी, पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, सरळ एक्सल. जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच असल्यामुळे किटचा डॅशबोर्ड जसाच्या तसा चालणार होता. अमेरिकी किट घेतलं असतं तर डावीकडचा डॅशबोर्ड उलटवण्यातच निम्मी हौस संपली असती. फरक एवढाच की जपानी जिम्नीला तिथल्या छोट्या गाड्यांच्या कायद्यात बसायचं होतं, म्हणून ती आखूड आणि अरुंद.

किती आखूड, हे कागदावर मांडलं. जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, २०३० मिलिमीटर. जिप्सीचा २३७५. फरक ३४५. चोवीसनं भागल्यावर १४.४ मिलिमीटर. जिप्सीची एकूण लांबी ४०१० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर १६७. रुंदी १५४०, म्हणजे ६४. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १३००, म्हणजे ५४.२.

हे आकडे समोर आल्यावर मुलगा म्हणाला, "काका, मग मधे कुठेही साडेचौदा मिलिमीटरचा तुकडा घातला की झालं." इथेच हे प्रकरण खरं तर सुरू होतं, कारण तसं केल्यानं होत नाही. जिप्सीचं दार जिम्नीएवढंच आहे. बॉनेट वाढलेलं नाही, पुढची काचही नाही. व्हीलबेसची वाढ सगळी दाराच्या मागच्या कडेपासून मागच्या चाकाच्या कमानीपर्यंतच्या पट्ट्यात आहे. शिवाय मागच्या चाकाच्या पलीकडे जिप्सीची शेपूटही लांब आहे. व्हीलबेस वाढवून शेपूट तशीच ठेवली तर गाडी ना जिम्नी राहते, ना जिप्सी होते. म्हणजे काप दोन हवेत: एक दारामागे, एक मागच्या कमानीमागे.

पहिल्या कापाचं माप कंपनीच्या आकड्यांतून मिळालं. दुसऱ्याचं मिळेना. तात्यांच्या अल्बममध्ये गाडीसोबतचा एक फोटो होता, पण तो तिरका काढलेला. सरळ बाजूनं काढलेला फोटो असेल तर व्हीलबेसचीच पट्टी करता येते: फोटोत चाकांमधलं अंतर मोजायचं, त्याला २३७५ धरायचं आणि बाकी सगळं त्या प्रमाणात काढायचं. तिरक्या फोटोत जवळचं मोठं आणि लांबचं छोटं दिसतं, तिथे ही युक्ती फसवते. इंटरनेटवर जिप्सीचे सरळ फोटो पुष्कळ आहेत, पण ते बहुतेक हौशी लोकांच्या गाड्यांचे. त्यांचे बंपर बदललेले, टायर मोठे, सस्पेन्शन उचललेलं. त्यावर माप घेणं म्हणजे दुसऱ्याच गाडीचं मॉडेल करणं.

साताऱ्यात एका गॅरेजमध्ये लष्करी लिलावातून आलेली जिप्सी उभी होती. मालकानं टेप लावू दिली. मुलगा अर्धा दिवस तिथे होता आणि वहीची चार पानं भरून आला: चाकाच्या मध्यापासून मागच्या कडेपर्यंत, दाराच्या कडेपासून कमानीपर्यंत, टपाच्या कांबींची उंची, कांबींमधलं अंतर. या छंदात एवढं उपयोगी काम दुसरं नाही. कितीही महागडा एअरब्रश घ्या, टेपनं आणलेल्या मापाची सर त्याला येत नाही.

काप कुठे घ्यायचा यावर आम्ही बराच वेळ बसलो. सोपा मार्ग म्हणजे दार आणि कमान यांच्या बरोबर मधे, कारण तिथे सपाट पत्रा आहे आणि आरी सरळ जाते. पण सपाट पत्र्याच्या मधोमध आलेला सांधा लपवणं सर्वांत अवघड. पुट्टी प्लॅस्टिकपेक्षा कमी-जास्त कडक असते. घासताना एक झिजतं, दुसरं राहतं आणि रंग वाळला की महिन्याभरानं रेघ वर येते. म्हणून काप दाराच्या मागच्या फटीतच घेतला. खऱ्या गाडीत तिथे फट आहेच, म्हणजे पुढचा सांधा आपोआप झाकला. मागचा सांधा कमानीच्या कडेला येईल असं पाहिलं, कारण तिथे वाइडट्रॅकचा फुगवटा बसणार होता. आणि कॅनव्हासचा टप हवा असल्यामुळे पत्र्याचं छप्पर कमरेपासून काढूनच टाकायचं होतं. छप्पर गेलं म्हणजे छपरावरचे सांधेही गेले. पत्र्याच्या टपाची जिप्सी करायची असती तर काम दुपटीनं वाढलं असतं.

प्रत्यक्ष कापताना काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण किटं इथेच वाया जातात. बॉडीला आधी आतून आडव्या दांड्या चिकटवल्या, किटचे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे उरलेले तुकडे घेऊन. छप्पर काढलेली बॉडी फार लवचिक होते. दोन तुकडे झाल्यावर दोन्ही आपापल्या मनानं वाकतात. मग दाराच्या फटीत कटरच्या पात्याची मागची, बोथट बाजू ओढायला सुरुवात केली. धारेची बाजू प्लॅस्टिकमध्ये घुसते आणि वाट सोडते. बोथट बाजू बारीक कुरळी तार काढत सरळ खाली जाते. हलक्या हातानं ओढत राहायचं, जोर लावायचा नाही. पत्रा पारदर्शक व्हायला लागला की आतून बोटाला धार जाणवते, तिथे थांबून उलट्या बाजूनं ओढायचं. तळाला बारीक दातांची आरी वापरली. आरी जेवढं खाते तेवढं माप कमी होतं, हे विसरायचं नाही. आमची आरी जवळपास पाव मिलिमीटर खात होती, म्हणून गाडीच्या जमिनीतली पट्टी १४.४ची न कापता थोडी मोठी कापली. बाजूच्या आणि जमिनीच्या सांध्याची रेषा मुद्दाम वेगळी ठेवली. सगळे सांधे एका रेषेत आले की ती जागा बिजागरी होते आणि गाडी तिथे वाकते.

जोडणी जाड काचेच्या तुकड्यावर केली. काच सपाट असते आणि प्लॅस्टिकचा ग्लू तिला चिकटत नाही. हा ग्लू म्हणजे खरं तर द्रावक. तो पॉलिस्टायरीन विरघळवून दोन तुकडे एकमेकांत मुरवतो, म्हणून सांधा मूळ प्लॅस्टिकइतका पक्का होतो. फेविक्विकनं हे होत नाही. तो वर धरून ठेवतो आणि आडवा धक्का बसला की सुटतो. मधल्या पट्ट्यांसाठी मिलिमीटर जाडीची पॉलिस्टायरीन शीट मागवली. साइनबोर्डच्या दुकानात मिळणारा सनबोर्ड इथे चालत नाही. तो फेसाळ पीव्हीसी आहे, घासला की भोकं उघडी पडतात. चासीच्या दोन दांड्या आणि मागच्या चाकांना ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट त्याच मापानं वाढवले. फटी भरायला पुट्टीऐवजी किटच्याच चौकटीचे तुकडे ग्लूमध्ये विरघळवून केलेला लगदा भरला. तो वाळायला आठवडाभर घेतो आणि थोडा आकसतो, पण कडकपणा बॉडीचाच असतो, त्यामुळे घासताना दोन्ही बरोबर झिजतात. घाई असलेल्यांनी हा मार्ग धरू नये.

एवढं झाल्यावर बॉडी काचेवर ठेवून चाकं नुसती टेकवली. मुलगा दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "झाली की ओ काका, जिप्सी." रंग नाही, टप नाही, डॅशबोर्ड नाही, तरी ती जिप्सीच होती. त्या संध्याकाळी त्यानं यादीतली निम्मी कामं आपणहून खोडली.

अपघात पुढे झाला. पावसाळा तोंडावर होता आणि मुलाला प्रायमर लवकर उरकायचा होता. ओळखीच्या एका रंगाऱ्यानं, मोटारींना मारतात तो प्रायमर एनसी थिनर या जहाल द्रावकात पातळ करून बॉडीवर मारला, आणि मारला तो पत्र्याला मारतात तसाच, ओला आणि भरपूर. तो रंगारी त्याच्या कामात तरबेज आहे. पण थिनर पत्र्याला काही करत नाही, पॉलिस्टायरीनला खातो. वाळल्यावर उजव्या बाजूचा पत्रा उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखा भेगाळलेला दिसत होता. बारीक जाळी, नखाला जेमतेम लागेल अशी, पण तिरप्या उजेडात स्पष्ट.

मुलाचं पहिलं म्हणणं होतं की रंग काढून टाकू. त्याचा उपयोग नव्हता, कारण भेगा रंगात नव्हत्या, प्लॅस्टिकमध्ये होत्या. त्यांवर अजून प्रायमर चढवला तर त्या भरल्यासारख्या दिसतात आणि पुढच्या थरातला थिनर पुन्हा त्याच भेगांतून आत शिरतो. दुसरं किट मागवलं तर ते जपानहून येईपर्यंत एकसष्टी होऊन गेली असती. आम्ही तिसरा मार्ग घेतला. आधी आठ दिवस बॉडीला हात लावला नाही, आतला थिनर पूर्ण उडू दिला. मग चारशे आणि सहाशे नंबरच्या वॉटर पेपरनं पाण्यात घासून वरचा थर काढला. शेवटी दारामागच्या सपाट भागावर पाव मिलिमीटरची पातळ शीट, मापानं कापून, कातडीसारखी चढवली, पत्र्यावरचा उठाव मोडणार नाही अशा बेतानं. त्यानं भेगा झाकल्या आणि मधल्या पट्टीचा उरलासुरला सांधाही झाकला. खरं सांगायचं तर लांबी वाढवायच्या कोणत्याही कामात ही कातडी पहिल्यापासूनच ठरवून ठेवावी, असं माझं आता मत झालं आहे.

यानंतरचा सगळा रंग एअरब्रशनं, मॉडेलसाठीच्या सौम्य लॅकरनं, पातळ फवाऱ्यांत मारला. पहिला थर जेमतेम धूळ बसल्यासारखा, तो वाळला की दुसरा.

तोवर जुलै लागला. साताऱ्यात यवतेश्वरच्या डोंगरावर ढग उतरले की घरातलं वर्तमानपत्रसुद्धा ओलसर लागतं. अशा हवेत लॅकर मारला की द्रावक झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढरट धुकं येतं. चकचकीत गाडीत हे लगेच दिसतं. ऑलिव्ह ग्रीनसारख्या मॅट रंगात दिसत नाही, नुसती छटा फिकट होते आणि माणूस रंग चुकला म्हणून डोकं धरून बसतो. उपाय दोन केले. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर थोडा मिसळला आणि मोठ्या खोक्यात जुना पिवळा बल्ब लावून बॉडी आधी आणि नंतर त्यात ठेवली. आत थर्मामीटर हवाच. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या जवळ मऊ होतं, पण पातळ, ताणात असलेले सांधे त्याच्या बरेच आधी वाकतात. आम्ही चाळीसच्या वर जाऊ दिलं नाही.

टपाच्या कामात मात्र मजा आली. खऱ्या कांबी साधारण इंचाच्या पाइपच्या, म्हणजे मॉडेलवर मिलिमीटरभर जाडीच्या. हार्डवेअरच्या दुकानातून पितळी तार आणून ती कागदावरच्या नकाशावर वाकवली. त्यांवर टिश्यू पेपर, निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून. पहिला टप छान ताठ झाला, अगदी जाहिरातीतल्यासारखा. पण तात्यांना न कळू देता मुलानं जेवताना सहज विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "कॅनव्हास कधी ताठ नसायचा रे. पावसात भिजायचा, उन्हात वाळायचा, कांबींच्या मधे झोळ पडायचा. आणि मागचा पडदा आम्ही कायम गुंडाळलेलाच ठेवायचो, नाहीतर मागचं काही दिसायचं नाही." ताठ टप काढला. दुसरा घालताना ओला कागद कांबींच्या मधे ब्रशच्या दांड्यानं हलकेच दाबला आणि मागचा पडदा गुंडाळून दोन पट्ट्यांनी बांधला. गाडी वापरातली दिसू लागली ती त्या दोन झोळांमुळे.

जेरीकॅनचा किस्सा मापाचाच. मुलानं लष्करी वाहनांसाठीचा १:३५ मापाचा जेरीकॅनचा संच घेऊन ठेवला होता. वीस लिटरचा खरा कॅन सुमारे ४७० मिलिमीटर उंच असतो: १:२४ला साडेएकोणीस मिलिमीटर, १:३५ला साडेतेरा. जिप्सीच्या मागे ठेवल्यावर तो तेलाच्या डब्यासारखा दिसला. शीटमधून नवा केला.

नंबर आणि पलटणीची खूण यावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. लष्करी नंबरात पहिलं किंवा तिसरं अक्षर म्हणजे वर टोक केलेला बाण असतो, एवढं सगळ्यांनाच रस्त्यावर दिसतं. तात्यांच्या गाडीचा खरा नंबर मुलाला ठाऊक होता. तो घातला नाही, पलटणीची खूणही नाही. मॉडेलचे फोटो आज ना उद्या कुठेतरी फिरणार आणि असल्या गोष्टी फिरू नयेत. बाणाखेरीजचे आकडे तात्यांच्या भरतीच्या आणि निवृत्तीच्या सालांतून घेतले आणि पाण्यात सुटणाऱ्या डेकल कागदावर छापले.

रंगाच्या छटेबद्दल एक सांगायला हवं. खऱ्या गाडीचा ऑलिव्ह ग्रीन जसाच्या तसा मॉडेलवर मारला तर तो काळपट दिसतो, कारण खरी गाडी आपण अंतरावरून, मोकळ्या उजेडात पाहतो. म्हणून त्यात थोडा पिवळसर राखाडी मिसळला. टपाचा कॅनव्हास त्याहून फिका, कारण कापड पत्र्याच्या आधी विटतं.

काही गोष्टी राहिल्या. मागच्या दोन चाकांमधलं अंतर मापाला बरोबर ५४.६ मिलिमीटर आलं, पण पुढचा एक्सल वाढवताना एका बाजूला अर्धा मिलिमीटर जास्त गेला. समोरून नीट पाहिलं तर कळतं. पुढची जाळी शीटच्या पट्ट्यांतून केली, ती जवळून थोडी जाड वाटते. पितळी पत्रा कोरून करायला हवी होती. बॉनेट बंदच ठेवलं, त्यामुळे इंजिनाचा प्रश्न आला नाही.

एकसष्टीला मीही होतो. तात्यांनी गाडी हातात घेतली, बाजूनं पाहिली, मग फिरवून मागून. गुंडाळलेल्या पडद्यावर अंगठा ठेवून त्यांनी मुलाला विचारलं, "कुठल्या पट्ट्यानं बांधलास? आमचा डावीकडचा तुटलेला होता, तिथे सुतळी असायची." मुलानं त्याच आठवड्यात डावा पट्टा कापून तिथे शिवणकामाचा जाड दोरा बांधला. दोन्ही कापांच्या पट्ट्यांचे कागदी साचे आणि गॅरेजमधली मापं माझ्याकडे आहेत. तात्यांच्याच गावच्या आणखी एका निवृत्त चालकाच्या घरून विचारणा झाली आहे, त्यांची गाडी मात्र १९९३च्या आधीची, अरुंद चाकांची. म्हणजे फुगवटे येणार नाहीत आणि कमानीजवळचा मागचा सांधा उघडा पडेल. तिथे कातडी कमानीच्या पुढून थेट शेपटीपर्यंत एकसंध चढवावी लागेल, आणि कमानीची गोलाई तिच्यातच कापावी लागेल.